पंधरा लिटर, पंधरा किलो

सुमनताई,

रविवारी नायगावच्या विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनाहून जास्त बोललो. काय बोललो ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे लिहितोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "परब, लिहिता कशाला, तोंडानं सांगा." तोंडानं सांगायला माझ्याकडे बरीच वर्षं होती. ती मी घालवली.

तुमचं गाव, जन्मसाल, किती मुलं, किती नातवंडं हे सगळं तुमच्या जावयानं छापलेल्या पत्रकात आलं आहे. फोटो मात्र जुना घेतलाय, चष्मा नसलेला. मी तुम्हाला चष्म्याशिवाय पाहिलेलं नाही. त्यामुळे पत्रकातल्या बाईंशी माझी ओळख नाही, आणि मी लिहितोय ते परळच्या स्वयंपाकघरातल्या सुमनताईंना.

बाहेरगावाहून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना दोन वेळचं जेवण देणारी आपली संस्था. तळमजल्यावरचे दोन गाळे, पुढे रांग, मध्ये चुली, मागे कोठीची खोली. मी तिथे कोठी सांभाळायला आलो तेव्हा तुम्ही आधीपासून होतात. तीनशे माणसांचं जेवण तुमच्या हाताखाली व्हायचं, दहा बायका मदतीला. मी गिरणीच्या स्टोअरमध्ये उमेदीची वर्षं काढलेला माणूस. आलेला माल मोजून घेणं, गेलेला माल लिहून ठेवणं, एवढंच मला येत होतं आणि ते चांगलं येतं असा माझा समज होता.

तेलाची पद्धत मीच घालून दिली होती. डबे आले की मी मोजून घ्यायचे. उघडलेला डबा नळाच्या स्टीलच्या पिंपात ओतायचा. सकाळी सहाला तुम्ही यायचात, दिवसभराला लागेल तेवढं तेल काट्यावर वजन करून काढायचात आणि पाटीवर आकडा लिहायचात. मी नऊला आलो की पाटीवरचा आकडा वहीत उतरवायचो. कोठीच्या दोन चाव्या होत्या, एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. सकाळी तुमच्याबरोबर निर्मलाही असायची. ती करी रोडला माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी, आमच्या गावाकडची. तिला कामाला मीच लावलं होतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी तेलाचा व्यापारी बदलला. नवे डबे दिसायला जुन्यांसारखेच, चौकोनी, पत्र्याचे, पिवळ्या रंगाचे. महिन्याचे बारा डबे मी मोजून घेतले आणि वहीत बारा गुणिले पंधरा, एकशे ऐंशी किलो असं लिहिलं. डब्यावर काय छापलंय ते वाचलं नाही. पंधराचा डबा म्हणजे पंधराचा डबा.

महिनाअखेरीला पाटीवरच्या आकड्यांची बेरीज एकशे चौसष्टच्या आत आली आणि पिंप रिकामं होतं. सोळा किलो तेल कुठे गेलं ते कळेना. दुसऱ्या महिन्यात पुन्हा सोळा. तिसऱ्यातही सोळा. दर महिन्याला एका डब्याहून जास्त.

आता मला वाटतं, चोर इतका नियमित नसतो. चोरी एखाद्या महिन्यात पाचची होईल, एखाद्या महिन्यात पंचवीसची. तूट दर वेळी तेवढीच येते तेव्हा माणसाकडे बघायचं नसतं, मापाकडे बघायचं असतं. हे मला गिरणीत शिकवलं होतं. मी ते नव्या लोकांना सांगायचोसुद्धा.

पण मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पाटीवर कमी लिहिता आणि जास्त काढता, असा मी अंदाज बांधला. मग संध्याकाळी घरी जाताना तुमची पिशवी तपासायला मी दारावरच्या वॉचमनला सांगितलं. आठवडाभर ते चाललं. पिशवीत काय निघायचं ते वॉचमन मला येऊन सांगायचा. डबा, छत्री, साखरेच्या गोळ्या, एकदा नातीसाठी घेतलेले दोन पेरू. तेल कधी निघालं नाही. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की तुम्ही सावध झालात.

निर्मलाची पिशवी तपासायला मी सांगितलं नव्हतं. तिच्याही हातात रोज पिशवी असायची.

मी संस्थेच्या सचिवांना लेखी कळवलं. त्यांनी सांगितलं, चौकशी होईपर्यंत बाईंना घरी बसू द्या. हे तुम्हाला कोठीत बोलावून सांगता आलं असतं. मी चुलीपाशी येऊन सांगितलं, दहा बायका पोळ्या लाटत होत्या तिथे.

तुम्ही विचारलंत, "तेल मी घेतलं असं बोलताय?"

"तसं म्हणत नाही. चौकशी होईपर्यंत घरी थांबा."

"मग कसं म्हणताय?"

तुम्ही कढईखालचा गॅस बारीक केलात, निर्मलाला म्हणालात, "मीठ टाकायचं राहिलंय, ते टाक," एप्रन काढून खुंटीला लावलात आणि गेलात. त्या संध्याकाळी वॉचमननं तुमची पिशवी बघितली नाही. त्यालाच लाज वाटली असावी.

तीन दिवस जेवण निर्मलानं सांभाळलं. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास तुम्ही आलात. सचिवांचा यायचा दिवस होता, ते कोठीत माझ्यासमोर बसले होते. तुम्हाला तो वार माहीत होता, म्हणूनच तुम्ही त्या दिवशी आलात हे मला नंतर कळलं. तुमच्या हातात दूधवाल्याचं लिटरचं माप होतं, सरकारी शिक्का असलेलं, आणि तेलाची एक रिकामी प्लास्टिकची पिशवी होती, धुऊन पुसून घडी घातलेली.

"परबसाहेब, ही वाचा," तुम्ही पिशवी माझ्यासमोर ठेवलीत.

मी वाचलं, "एक लिटर."

"त्याच्या खाली. बारीक लिहिलंय ते."

खाली कंसात नऊशे दहा ग्रॅम असं छापलेलं होतं.

"इतकी वर्षं मी ही पिशवी कात्रीनं कापते," तुम्ही म्हणालात. "परवा घरी बसली होती, हाताला काम नव्हतं, तर पहिल्यांदा वाचली."

मग तुम्ही काटा मागितलात. रिकाम्या मापाचं वजन करून काटा शून्यावर आणलात. पिंपाचा नळ सोडून माप काठोकाठ भरलंत, बाहेरून फडक्यानं पुसलंत आणि काट्यावर ठेवलंत. नऊशे अकरा.

मी म्हणालो, "माप खोटं असेल."

तुम्ही वाद घातला नाहीत. तेल परत पिंपात ओतलंत, माप साबणानं घासून कोरडं केलंत आणि त्यात पाणी भरून ठेवलंत. काट्यानं एक किलो दाखवला, दोनचार ग्रॅम इकडेतिकडे.

"पाण्याला किलो दाखवतो," तुम्ही म्हणालात. "म्हणजे काटा खरा आणि माप पण खरं. तेलच हलकं आहे. पाण्यावर तरंगतं ते काय उगाच?"

सचिव खुर्चीवरून उठले. तुम्ही कोपऱ्यातला नवा डबा ओढून उजेडात आणलात. त्यावर पंधरा लिटर असं छापलेलं होतं, आणि एका कडेला बारीक अक्षरात तेरा किलो सहाशे पन्नास ग्रॅम. मग गूळ ठेवायला वापरत होतो तो जुना डबा आणलात. त्यावर पंधरा किलो. दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवल्यावर जुना बोटभर उंच दिसत होता. तीन महिने दोन्ही डबे माझ्या कोठीत होते.

सचिवांनी फोनवर आकडेमोड केली. एका डब्यामागे एक किलो साडेतीनशे ग्रॅम कमी. गुणिले बारा. "सोळा किलो दोनशे," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. एरवी असले गुणाकार मी तोंडी करतो. त्या दिवशी मी त्यांचा फोन मागून घेतला आणि तोच गुणाकार पुन्हा केला. उत्तर तेच आलं.

सचिव तुम्हाला म्हणाले, "उद्यापासून या." तुम्ही विचारलंत, "आणि ह्या दहाजणींना कोण सांगणार?" ते म्हणाले, "परब नोटीस लावतील."

नोटीस मी लिहिली. "तेलाच्या नोंदीत तांत्रिक चूक आढळून आली असून ती दुरुस्त करण्यात आली आहे." दुसऱ्या दिवशी फळ्यावर ती लावली तेव्हा तुम्ही चष्मा वर करून ती पूर्ण वाचलीत. मग मला विचारलंत, "तांत्रिक म्हणजे कोण?"

निर्मला हसली, आणखी एकदोघी हसल्या. तुम्ही हसला नाहीत. मी कोठीत गेलो.

त्या दिवसापासून तुम्ही मला साहेब म्हणणं सोडलंत. आधी परबसाहेब होतो, नंतर नुसता परब झालो. आवाज चढवला नाहीत, अबोला धरला नाहीत, कामात कसूर केली नाहीत. एक शब्द तेवढा कमी केलात.

पुढची वर्षं आपण बरी काढली. मी भिंतीवर तक्ता लावला, लिटरचे किलो आणि किलोचे लिटर. एक लिटर म्हणजे नऊशे दहा ग्रॅम, एक किलो म्हणजे अकराशे मिलिलिटरच्या जरा आत. आपलं भांडण त्या तक्त्यावरून सुरू झालं आणि ते संपलं नाही. डबे लिटरचे येतात, म्हणून वही लिटरमध्ये ठेवायची हे माझं म्हणणं. तुम्ही म्हणायचात, "डाळ किलोत, तिखट किलोत, मग तेलानंच काय घोडं मारलंय?" मी पिंपात घालायला खुणांची पट्टी करून घेतली, एकेका लिटरची खूण. तुम्हाला ती पट्टी कधी आवडली नाही. थंडीत जे तेल एका खुणेवर असतं ते मे महिन्यात वर चढतं, हे तुम्ही दोनतीन उन्हाळे बघून ठेवलं होतंत. "वजन काय उन्हानं वाढत नाय," तुम्ही म्हणालात. मी सांगितलं की हे खरं आहे, पण फरक एका डब्याला वाटीभर पडतो, तेवढा सोडून द्यायचा. तुम्ही म्हणालात, "वाटीभर तेलात मी दहा माणसांची भाजी करते. तुम्ही सोडा, मी नाय सोडणार."

एका वर्षी कुणी दात्यानं शेंगतेलाच्या जागी तिळाचं पाठवलं तेव्हा तुम्ही आधी लिटरचं माप घेऊन त्याचं वजन करून बघितलंत, मग फोडणी दिलीत. तिथे मला उगाच अभिमान वाटला. माझा त्यात काही वाटा नव्हता.

मी निवृत्त झालो तोपर्यंत वहीत दोन रकाने होते, माझा लिटरचा आणि तुमचा किलोचा. माझ्या जागी आलेल्या बाईंनी पहिल्या आठवड्यात माझा रकाना बंद केला. हे तुम्हीच मला फोन करून कळवलंत. आनंद लपवला नाहीत.

आता न सांगितलेल्या गोष्टींकडे येतो. त्यातली पहिली मला सचिवांनी माझ्या निरोपाच्या दिवशी सांगितली. तेलाच्या प्रकारानंतर त्यांनी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं होतं की परबांना ठेवायचं का. तुम्ही एका शब्दानं हो किंवा नाही म्हणू शकला असतात. तुम्ही म्हणालात, "ठेवा त्यांना. आता ते डबा वाचूनच घेतील." मला हे आठ वर्षांनी कळलं. माझी नोकरी त्या वाक्यावर चालली होती आणि मला वाटत होतं की ती माझ्या अनुभवावर चालली आहे.

निरोपाच्या त्या दिवशी मी कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या. सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं होतं की ती चूक तांत्रिक नव्हती, माझी होती. कागद खिशात होता. उभा राहिलो आणि सगळ्यांनी सांभाळून घेतलं, आभारी आहे, असं म्हणून बसलो. तुम्ही समोरच्या बाकावर होतात. टाळ्या तुम्हीही वाजवल्यात.

दुसरी गोष्ट त्याच्या बरीच आधीची. स्वयंपाकघराच्या बाहेर कोपऱ्यावर आपण चहा पीत उभे होतो. पिशवीच्या प्रकाराला तेव्हा चारपाच वर्षं झाली असतील. तुम्ही कसलीही प्रस्तावना न करता विचारलंत, "परब, एक विचारू? माझ्या जागी दुसरं कुणी असतं, तर आधी तेलाचं वजन केलं असतं ना तुम्ही?"

मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा असतो."

"पिशवी एकीचीच बघितली."

तुम्हाला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं, आणि मला कळलं हे तुम्हाला कळलं होतं. निर्मला माझ्या शेजारची, माझ्या गावची, माझ्या जातीची. तुम्ही नायगावच्या चाळीतल्या. दोन बायका एकाच वेळी एकाच कोठीत जायच्या आणि तुमच्यावर संशय घ्यायला मला एक क्षणही विचार करावा लागला नाही. ठरवून केलं असतं तर निदान आठवलं असतं. ते आपोआप झालं. उत्तर एवढंच होतं, आणि ते मी दिलं नाही. तुम्ही पेला ठेवलात आणि म्हणालात, "चला, संध्याकाळची कणीक भिजवायचीय." पुन्हा तो विषय तुम्ही काढला नाहीत.

तुम्ही गेल्याचं मला निर्मलानं फोनवर सांगितलं. आठ दिवस तुम्ही आपल्या गल्लीपलीकडच्याच इस्पितळात होतात, साखर आणि मग हृदय. त्या आठ दिवसांत तुमची लेक वैशाली आपल्याच रांगेत उभी राहून जेवत होती. ती कोण आहे हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी निर्मलानं ओळखलं. हे ऐकल्यावर मी फोन ठेवला.

रविवारी विहारात आपल्या स्वयंपाकघरातल्या सातजणी आल्या होत्या, पांढऱ्या साड्या नेसून, निर्मलासकट. वंदना झाली, भंतेजी बोलले, तुमचे शेजारी बोलले. सगळे चांगलं बोलले. मग माझं नाव घेतलं.

मी सांगितलं की मी कोठीवर होतो. डब्यावर पंधरा लिटर लिहिलं होतं आणि मी वहीत पंधरा किलो लिहिलं. लिटरचा किलो होत नाही, नऊशे दहा ग्रॅम होतात, हे मला माहीत असायला हवं होतं. त्या चुकीपायी मी सुमनताईंवर चोरीचा संशय घेतला, आठवडाभर त्यांची पिशवी तपासायला लावली, आणि दहाजणींसमोर त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या कुणाची पिशवी मी तपासली नाही. का नाही, हे त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी खोटं उत्तर दिलं. खरं उत्तर हे की त्यांच्याबद्दल वाईट विचार करायला मला पुरावा लागला नाही. बाकीच्यांबद्दल लागला असता. चूक तांत्रिक नव्हती.

एवढं बोलून मी बसलो. निर्मला मांडीवरच्या हातांकडे बघत होती. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं थोडं थांबून पुढचं नाव घेतलं.

मला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं झालं नाही, आणि त्याचं कारण मला पाचच मिनिटांनी समजलं. कार्यक्रम संपल्यावर वैशाली माझ्याकडे आली. तुमच्यासारखीच चालते.

"तुम्ही परब ना? आईच्या तोंडून तुमचं नाव खूप ऐकलंय. पट्टीवाले परब."

मी हो म्हणालो.

"पण हे नव्हतं सांगितलं तिनं. ते तीन दिवस ती घरी होती ना, तेव्हा आम्हाला बोलली की किचनला रंग काढतायत, म्हणून सुट्टी दिलीय. पिशवीचं तर कधीच नाही."

मी काय केलं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुम्ही जी गोष्ट इतकी वर्षं उंबऱ्याच्या बाहेर ठेवलीत, ती मी माईकवरून तुमच्या घरात आणून सोडली होती. जावई होता, नात होती, पेरूवाली, आता कॉलेजात जाणारी. तुमचे शेजारी होते. तुम्ही हे सांगितलं नव्हतं ते माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. मी मात्र ते सांगताना ज्याचा विचार केला तो मीच होतो.

मी वैशालीला म्हणालो, "मला माहीत नव्हतं. माझं चुकलं."

"कुठलं?" तिनं विचारलं. "तेव्हाचं की आत्ताचं?"

"दोन्ही."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघत होती असं मी म्हणणार नाही, आणि माफ केल्यासारखंही नाही. मग म्हणाली, "आईसमोर बोलायला पाहिजे होतं तुम्ही. तिला काय वाटलं असतं मला नाही माहीत. पण मला कळलं ते बरं झालं. आता आठवून आठवून बघेन, ते तीन दिवस ती कशी होती. ते माझं मी बघेन. तुम्ही घरी चला, जेवून जा."

मी म्हणालो, "नको, तुमच्या घरची माणसं..."

"घरची माणसं जेवतील. तुम्हीपण जेवा."

तुमची खोली दुसऱ्या मजल्यावर, विहारापासून चार मिनिटांवर. मी एवढ्या वर्षांत तिथे आलो नव्हतो. वैशालीनं मला खिडकीपाशी जागा दिली. तुमच्या नातीनं वाढलं. वरण, भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, खीर. मी सगळं खाल्लं आणि भात पुन्हा मागून घेतला.

सुमनताई, तुम्ही मला घरी जेवायला दोनदा बोलावलं होतंत. एकदा नातीच्या वाढदिवसाला, एकदा वैशालीला नोकरी लागली तेव्हा. दोन्ही वेळा मी तुम्हाला सांगितलं की काम आहे.

काम नव्हतं.